किर्तीताईच्या गळ्यातली टेप

मी मापाची टेप बोलतेय. तीच हो, शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या गळ्यात लोंबते ती पिवळी, एका अंगाला इंच आणि दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. लांबी साठ इंच, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. एरवी मी गप्प असते. मापं घ्यायची आणि तोंड मिटून लोंबायचं, हा आमच्या जातीचा धर्म. पण माझ्या ताईने जे करून दाखवलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, तेव्हा ऐकाच!

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, हुक, बटणं आणि रिळं विकणाऱ्या एका सिंधी शेठच्या दुकानात गुंडाळी होऊन पडले होते. एके दिवशी एक भलीथोरली बाई दुकानाच्या पायरीवर येऊन थांबली. दोन मिनिटं नुसता श्वास घेतला आणि मग म्हणाली, "शेठ, टेप दाखवा. आकडे पुसले नाय पाहिजेत."

"ये लेके जाओ बेटी. साठ इंच! कोणता पण माणूस मावेल ह्याच्यात, गॅरंटी."

बाई हसली. ते हसणं जरा तिरपं होतं, पण मी तेव्हा कोरी करकरीत, मला काय कळणार? मी आपली नव्या घरी जायच्या आनंदात होते.

ती किर्तीताई. बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत तळमजल्यावर तिचं लेडीज टेलरचं दुकान. एका पावसाळ्यात उल्हास नदी आत येऊन गेली होती, म्हणून शिलाई मशीन उंच ओट्यावर चढवलेलं. ओट्याला तीन पायऱ्या. त्या तीन पायऱ्या चढताना ताईचे गुडघे असे कुरकुरायचे की मला गळ्यात ऐकू यायचं.

पण हात! काय हात होता बाईचा! ब्लाउज असा बसवायची की गिऱ्हाईक आरशासमोरून हलत नसे. मी तर तिच्या बोटांबरोबर नाचायचेच. माणसांच्या एकेक तऱ्हा मला तिथे कळल्या. कमरेला माझा विळखा पडला की झाडून सगळ्या बायका पोट आत घेतात आणि श्वास कोंडून म्हणतात, "नॉर्मलच घ्या." मागच्या वर्षीचा ब्लाउज दंडात घट्ट झाला की दोष कापडाचा, धुण्यात आटलं म्हणे! ताई सगळं ऐकून घ्यायची आणि गुपचूप अर्धा इंच वाढवून लिहायची. कुणाला कधी हसली नाही.

सगळ्या बदलापूरची मापं घेणारी ही बाई स्वतःचं माप मात्र घेत नसे. जुना ड्रेस कापडावर पसरायचा, चहूबाजूंनी दोन बोटं वाढवायची आणि कात्री चालवायची, अशी तिची रीत. एका दुपारी दुकान रिकामं होतं. काय मनात आलं कोण जाणे, तिने शटर अर्धं ओढलं आणि मला स्वतःच्या सीटभोवती, म्हणजे नितंबांभोवती, गुंडाळलं. मी ताणले, अगदी दोरा तुटेस्तोवर ताणले, पण माझी टोकं एकमेकांना भेटेनात. मध्ये दोन बोटांची फट राहिली. शेठची गॅरंटी खोटी ठरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईने मला खिळ्याला अडकवलं आणि दुसऱ्याच कुणाचं तरी फॉल-पिको करत बसली.

वजन एकशे चोवीस किलो, साखर वाढलेली, गुडघे कामातून गेलेले. उपास झाले, काढे झाले, कुणीतरी सांगितलं म्हणून दुधीचा रसही झाला. दहा किलो उतरायचे आणि बारा चढायचे. शेवटी डॉक्टरांनी पोटाचं ऑपरेशन सुचवलं. जठराचा मोठा भाग काढायचा आणि केळ्याएवढी नळी ठेवायची. ताईचा नवरा जितेश अंबरनाथच्या एमआयडीसीत मशीनवर असतो. तो म्हणाला, "तू ठरव. मी हाय ना सोबत." चामटोलीहून तिची आई, कौसाबाई, धावत आली.

"चांगल्या पोटाला कात्री कशाला लावायची गो?"

"आई," ताई म्हणाली, "कात्री बरोबर जागी चालली तर कपडा बिघडत नाय."

ऑपरेशन झालं. महिनाभर मी खिळ्यावर लटकून होते. मग एक दिवस शटर वर गेलं आणि ताई आली. हातात शिवणाची पिशवी नव्हती, एक लहानशी स्टीलची वाटी होती. पहिले पंधरा दिवस नुसतं डाळीचं पाणी आणि गाळलेलं ताक, मग घोटलेलं वरण, आता कुठे मऊ मुगाची खिचडी. एक घास बोटाच्या पेराएवढा. तो वीस-पंचवीस वेळा चावायचा, मग चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही. चार चमचे झाले की पोट आपणहून थांब म्हणायचं. एकेकाळी चार भाकऱ्या उठवणारी बाई चार चमच्यांना अर्धा तास घेत होती! मला ते बघून हसू आलं आणि भरूनही आलं.

वाटी खाली ठेवून तिने मला उचललं. शटर अर्धं ओढलं. पुन्हा फजिती झाली तर? तिने मला सीटभोवती घेतलं, हळूहळू टोक पुढे आणलं, आणि काय सांगू तुम्हाला, माझी टोकं भेटली! नुसती भेटली नाहीत, एकमेकांवर चढली! एकोणसाठ! ताई एकटीच दुकानात ओरडली, "जमलं!" शेजारचा मोबाइलवाला काय झालं म्हणून बघायला आला.

त्या दिवसापासून आम्हा दोघींच्या अंगात आलं. खडूने भिंतीवर आकडे पडू लागले. एकोणसाठ, सत्तावन्न, साडेपंचावन्न. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ओट्याच्या तीन पायऱ्या ती एका दमात चढली. एकदा तर नाचतच दुकानात आली आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "आज स्टेशनवरून शेअर रिक्षात मागे आम्ही तिघी बसलो! तिघी! नायतर रिक्षावाला मला बघून दोन सीटचे म्हणायचा." चौथ्या महिन्यात एकशे चोवीसचे सत्त्याण्णव झाले होते. साखरेची गोळी अर्ध्यावर आली होती. मी तर हवेतच होते. जगात माझ्याइतकं सुख कुठल्या टेपच्या वाट्याला आलं असेल?

आता चूक सांगते. निम्मी माझी आहे, म्हणून आधीच कान पकडते. आम्ही महिन्याचं माप आठवड्यावर आणलं, आठवड्याचं रोजावर. सकाळी उठल्या उठल्या टेप, संध्याकाळी टेप. वाटीकडे मात्र दुर्लक्ष व्हायला लागलं. डॉक्टरांकडच्या डाएट मॅडमनी बजावलं होतं, अंडं, पनीर, डाळ, मासे, थोडं थोडं पण दिवसातून सहा वेळा. अंड्याचा ताईला वास यायचा, प्रोटीनच्या पावडरीची चव तिला खडूसारखी लागायची. मग ती म्हणायची, "आज नाश्ता राहू दे. उद्या अर्धा इंच जास्त उतरेल." उतरायचाही! आणि मी मूर्ख आनंदाने टुणकन उडी मारायचे.

एकदा भूक आणि गिऱ्हाईक एकदमच आली. घाईघाईत तिने वडापावचे दोन घास गिळले. पाव छातीत अडकला. मोरीकडे धावली, सगळं बाहेर. बाहेर बसलेली बाई लाडाने विचारते कशी, "गोड बातमी का गं?" ताईला हसावं की रडावं कळेना. त्यानंतर ती चारचौघांत खायलाच धजेना. पूर्वी घास उचलला की लोक तिच्या हाताकडे बघायचे. आता घास ठेवला तरी बघायचे.

त्यातच तिच्या धाकट्या भावाचं, सनीचं लग्न ठरलं. चामटोलीला, दीड महिन्यावर. ताईने मोरपिशी रेशमाचं ब्लाउजपीस आणलं आणि मला छातीभोवती गुंडाळलं. बेचाळीस. तिने खडू घेतला आणि कापडावर आखणी केली अडतीसची!

मी दचकले. पुढे तर कहरच झाला. शिवणकामाचा पहिला धडा आहे की शिवणीच्या आत दोन बोटं कापड जादा सोडायचं. त्याला माया म्हणतात. माणूस वाढतं, कमी होतं, माया असली की शिवण उसवून ब्लाउज मोठा करता येतो. ताईने आजवर परक्याच्या कापडातही माया सोडली होती. त्या दिवशी म्हणाली, "माया कशाला? मी काय परत जाड होणारे?" आणि कचाकच आखलेल्या रेघेवरून कात्री! बावीस वर्षं शिवणकाम करणाऱ्या बाईने हे करावं? पण खरं सांगू, तेव्हा मलाही ते शूरपणाचं वाटलं होतं.

मग त्या अडतीसमध्ये शिरण्यासाठी ताईने जेवण जवळजवळ सोडलंच. दिवसभर लिंबूपाणी. तीन आठवड्यांत तिचे केस माझ्या अंगात अडकायला लागले. मी गळ्यातून निघाले की पुंजकाच्या पुंजका सोबत यायचा. दोरा ओवताना सुई हलायची. आणि एका सकाळी, वेणूबाई म्हणून गिऱ्हाईक आहेत त्यांच्या खांद्याचं माप घेता घेता ताई म्हणाली, "साडेचौदा," आणि जागच्या जागी खाली बसली. डोळे पांढरे. मी तिच्या मुठीत घट्ट. वेणूबाईंनी आरडाओरडा करून माणसं जमवली, जितेश कामावरून तसाच धावत आला.

दुसऱ्या दिवशी डाएट मॅडमसमोर ताईने पर्समधून मला काढलं. अजूनही ऐट! "मॅडम, बघा ना, तीन आठवड्यांत तीन इंच."

मॅडमनी मला हातात घेतलं आणि ताईच्या दंडाला गुंडाळलं. "हे माप कधी लिहिलंय का? तुमची चरबी उतरत नाहीये आता, ताकद उतरतेय. रक्तातलं प्रोटीन बघा किती खाली आलंय. ऑपरेशन तुम्ही खाण्यासाठी केलंय, उपाशी मरण्यासाठी नाही. लग्न कधी आहे?"

"तीन आठवड्यांनी."

"त्याच्या आधी रक्त तपासू. सुधारलं नाही तर ॲडमिट करावं लागेल, लग्न असो की काही असो. ही टेप महिन्यातून एकदा. वाटी दिवसातून सहा वेळा."

जितेश एरवी गरीब माणूस, पण रिक्षात बसल्यावर त्याचा आवाज चढला. "मला बारीक बायको नको हाय किर्ती. मला बायको हवीये." ताई खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत राहिली. मी पर्सच्या तळाशी लाजेने गोळा झाले होते.

मग मात्र ताई इरेला पेटली. ती इरेला पेटली की काय होतं ते मी सांगते! मोबाइलवर सहा गजर लावले. दुकानाच्या दारात पाटी लागली, "जेवण चालू आहे, वीस मिनिटं थांबा." अंड्याचा वास येतो ना, मग मिरपूड टाकून खाल्लं. नाक मुरडलं, पण खाल्लं. बोंबील उकडून खाल्ले, मुगाचं धिरडं चिमण्यांसारखं टिपून खाल्लं. पंधरा दिवसांनी रक्त तपासलं. आकडा वर सरकला होता! काठावर, पण वर. "लग्नाला जा," मॅडम म्हणाल्या, "पण तिथे एक वेळ जरी चुकवलीत तर पुन्हा घसराल. आणि खाल ते सावकाश."

ब्लाउज अर्थातच होईना. उसवायला गेलो तर आत मायेचा पत्ता नाही. ताईने कपाळाला हात लावला आणि मग दोन्ही बगलांखाली साडीच्या काठाच्या पट्ट्या जोडल्या. तो इतका झोकदार दिसला की लग्नात नवरीच्या बहिणीने विचारलं, "ताई, ही नवीन फॅशन का?"

हळदीच्या दिवशी चामटोलीला गेलो. मी ताईच्या गळ्यात. लग्नघरात शिवणाऱ्या बाईला कोण मोकळं सोडतंय! हुक तुटला, शिवण उसवली, की "किर्ती, इकडे ये गो!" सकाळपासून तिने शंभर टाके घातले असतील. दुपारी अंगणात मांडवाखाली बायकांची पंगत बसली. चाळीस-एक बायका, वडे, मटणाचा रस्सा, भात. ताई खांबाआड उभी राहिली. दुपारचा गजर वाजून गेला होता. ती मनात काय म्हणत होती ते मला कळत होतं, कारण मी तिच्या छातीवरच होते. मागच्या खोलीत जाऊन काहीतरी खाईन, नाहीतर राहू दे, आजचा दिवस.

तेवढ्यात वाढप सांभाळणाऱ्या कौसाबाईने हाताला धरून तिला पंगतीत बसवलं. पानावर भात नाही, वडा नाही. दोन उकडलेली अंडी आणि रश्श्यातला मऊ शिजलेला एक तुकडा. "बघून बघून शिजवलंय. खा."

ताईने घास घेतला. चावला. हात खाली ठेवला. शेजारणीच्या पानावरचा भात अर्धा संपला. ताईचा दुसरा घास. पंगत भराभर उरकत गेली. एकेकीचा हात थांबला. आणि आमच्याकडची रीत अशी, की पंगतीत शेवटची बाई जेवत असेल तोवर कुणी उठत नाही. उठलं तर तो जेवणारीचा अपमान. चाळीस खरकटे हात गुडघ्यांवर थांबले आणि ऐंशी डोळे ताईच्या पानाकडे वळले. पानावर अजून एक अंडं शिल्लक होतं.

मांडवाबाहेर दुसरी पंगत खोळंबली होती. पंगतीत ताईची चुलती होती, रखमाबाई, लग्नातले धवले गाणारी, तिला हळदीची घाई. तिने हाक दिली, "उठायचं का गो आता? हळद लावायची हाय पोराला!"

ताईच्या छातीत धडधड अशी वाढली की मी हलायला लागले. तिने पान दुमडायला हात घातला.

"पान मिटू नको." कौसाबाई भाताचं घमेलं घेऊन पंगतीच्या मधोमध उभी होती. "कुणी उठायचं नाय. माझी लेक जेवतेय."

कौसाबाईचा आवाज आता वेगळाच झाला. "ही बारा वर्षाची होती तवापासून मी हिला भरल्या पानावरून उठवलंय. लांबून डोळे दाखवायचे. लोक बघतात, पुरे कर, ऊठ. ही बिचारी उठायची आणि मग चुलीमागं चोरून खायची. मला म्हाईत होतं. सगळं म्हाईत होतं." तिने घमेलं खाली ठेवलं. "आज माझ्या पोरीला पोटभर जेवू दे. लागू दे किती वेळ लागतो तो."

मला वाटलं, आता कुणीतरी कुजबुजणार. रखमाबाईने मांडी मोडली होती, ती तिने पुन्हा घातली. खरकटं वाळत चाललेला उजवा हात तसाच धरून तिने डोळे मिटले आणि धवला उचलला. दुसरीने ओढला, मग तिसरीने. बघता बघता सगळी पंगत गायला लागली, खरकट्या हातांनी, बसल्या जागी! ताईच्या डोळ्यांतून पाणी माझ्या अंगावर टपटप पडत होतं आणि ती चावत होती. एक घास, हात खाली. एक घास, हात खाली. तीन धवले झाले तेव्हा दुसरं अंडं संपलं. रखमाबाई म्हणाली, "झालं गो बाय? मग उठा," आणि चाळीस बायका एकदम उठल्या.

त्याला आता वर्ष होत आलं. ताईचं वजन एकोणऐंशीवर थांबलंय. मधे दोन महिने काटा हलला नाही, एकदा तर किलोभर चढला, तरी तिने वाटी सोडली नाही. दंडाची, पोटाची कातडी सैल लोंबते. ती म्हणते, लोंबू दे, झाकायला ब्लाउज माझ्या हातचे आहेत. कपाळावर नवे केस उगवलेत, आखूड आणि ताठ. मला ती पहिल्या तारखेला स्वतःभोवती घेते. आकडा लिहिते आणि मला खाली ठेवते.

मी म्हातारी झालेय. पहिले तीन इंच घासून पांढरे पडलेत, एका टोकाची टोपी गळालीय. ताईने कालच उल्हासनगरहून नवी टेप आणली. गुळगुळीत आहे, आगाऊ आहे, सारखी सुळसुळते. शिकेल हळूहळू. माझं काम आता फक्त पहिल्या तारखेचं, आणि ते मी मरेपर्यंत कुणाला द्यायची नाही!

तुम्हाला एवढंच सांगते. लग्नाकार्यात पंगतीला बसाल, तुमचं जेवण उरकेल, आणि शेजारचं कुणी अजून खात असेल. जाड असेल, बारीक असेल, आजारी असेल, त्याच्या पानात डोकावू नका आणि उठायची घाई करू नका. हाताचं खरकटं वाळलं तर वाळू द्या, पाण्याने निघतं ते.